मूत्रपिंडाचे माप आणि शरीराची घडण

सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत वसलेले वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाट हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून येथील रोपवाटिकांत तयार झालेली कलमे परजिल्ह्यांत आणि परराज्यांतही जातात. जाणता बागाईतदार कलम निवडताना केवळ त्याची उंची पाहत नाही. खोड, मुळे आणि डोळ्याचा जोड तो निरखून पाहतो, कारण उंचीला सारखी दिसणारी दोन कलमे सारखीच सशक्त असतात असे नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

मनुष्यदेहाचेही तसेच आहे. एकाच वजनाच्या दोन व्यक्तींच्या अंगात स्नायू किती आणि मेद किती, यांत मोठे अंतर असू शकते. हे अंतर वरकरणी क्षुल्लक वाटले तरी आज गावोगावी होणाऱ्या एका रक्ततपासणीचा अर्थ त्यावर अवलंबून आहे. ही तपासणी म्हणजे मूत्रपिंडाचे कार्य सांगणारी क्रिएटिनिनची चाचणी होय. तिचा आकडा योग्य रीतीने वाचला गेला नाही तर रोगी निरोगी ठरतो आणि निरोगी माणूस विनाकारण धास्तावतो. म्हणूनच या आकड्यामागील शास्त्र सर्वसामान्य नागरिकांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

मूत्रपिंडाचे कार्य

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. निरोगी तरुण माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांतून दर मिनिटाला अंदाजे १०० ते १२५ मिलिलिटर द्रव गाळला जातो. दिवसाचा हिशेब केला तर हे प्रमाण १८० लिटरांच्या घरात जाते. त्यांपैकी बहुतेक सर्व पाणी शरीर पुन्हा शोषून घेते आणि दीड-दोन लिटर मूत्र तेवढे बाहेर पडते. दर मिनिटाला किती द्रव गाळला जातो, या मापाला गाळणदर असे म्हणता येईल. तपासणीच्या अहवालात हाच दर ‘ईजीएफआर’ या नावाने छापलेला असतो. या नावातील पहिले अक्षर ‘अंदाजित’ या अर्थाचे आहे. म्हणजे हा दर मोजलेला नसतो, तर एका सूत्राच्या साह्याने काढलेला अंदाज असतो. ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

गाळणदर प्रत्यक्ष मोजता येतो. त्यासाठी इन्युलिन किंवा तत्सम पदार्थ शिरेतून देऊन तो किती वेगाने बाहेर पडतो, हे काही तास तपासावे लागते. ही पद्धत अचूक असली तरी वेळखाऊ व खर्चिक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या प्रत्येक रुग्णासाठी ती वापरणे शक्य नाही. साहजिकच वैद्यकशास्त्राने एक सोपा मार्ग स्वीकारला. शरीरात आपोआप तयार होणारा आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारा एखादा पदार्थ रक्तात किती साचला आहे हे पाहावे, व त्यावरून गाळणदराचा अंदाज बांधावा. हा पदार्थ म्हणजे क्रिएटिनिन.

विहिरीची पातळी

क्रिएटिनिनचा उगम स्नायूंत आहे. स्नायूंना ऊर्जा पुरविण्याच्या कामी ‘क्रिएटिन’ नावाचे द्रव्य उपयोगी पडते व शरीरातील जवळजवळ सर्व क्रिएटिन स्नायूंतच साठविलेले असते. त्यातील सुमारे दीड ते दोन टक्के भाग दररोज क्रिएटिनिनमध्ये रूपांतरित होऊन रक्तात येतो. तात्पर्य, ज्याचे स्नायू अधिक त्याचे क्रिएटिनिन अधिक, आणि ज्याचे स्नायू कमी त्याचे क्रिएटिनिन कमी. मूत्रपिंडे उत्तम असोत वा दुर्बल, ही आवक आपल्या गतीने चालूच राहते.

वरुड-मोर्शी भागातील शेतकऱ्याला हे विहिरीच्या उदाहरणाने चटकन उमगेल. विहिरीतील पाण्याची पातळी दोन गोष्टींवर ठरते. झऱ्यांतून पाणी किती येते ही एक, आणि मोटार किती उपसते ही दुसरी. दोन विहिरींची पातळी सारखी दिसली म्हणून दोन्ही मोटारी सारख्याच दमाच्या आहेत असे कोणी म्हणणार नाही. एकीचे झरे जोरकस असून मोटारही दमदार असेल, तर दुसरीचे झरे आटलेले असून मोटारही कुचकामी झालेली असेल. क्रिएटिनिनची पातळी म्हणजे विहिरीतील पाणी, स्नायू म्हणजे झरे आणि मूत्रपिंडे म्हणजे मोटार. केवळ पातळी पाहून मोटारीची परीक्षा करायची तर झऱ्यांची माहिती हवीच.

याखेरीज आणखी एक अडचण आहे. मूत्रपिंडांची निम्मी शक्ती गेली तरी पुष्कळदा क्रिएटिनिन नेहमीच्या मर्यादेतच राहते. म्हणून केवळ क्रिएटिनिनचा आकडा पाहण्याऐवजी सूत्राने गाळणदर काढण्याची रीत रूढ झाली.

सूत्रांची जडणघडण

कॅनडातील कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट या दोन वैद्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेले सूत्र दीर्घकाळ जगभर वापरात राहिले व औषधांची मात्रा ठरविण्यासाठी अजूनही वापरले जाते. ते समजण्यास सोपे आहे. १४० मधून वय वजा करावे, आलेल्या संख्येला किलोग्रॅममधील वजनाने गुणावे आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागावे. स्त्रियांच्या बाबतीत येणाऱ्या उत्तराला ०.८५ ने गुणावे. हे सूत्र २४९ रुग्णांच्या माहितीवर आधारलेले होते व त्यांत बहुतेक सर्व पुरुष होते. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेतील १,६२८ रुग्णांच्या अभ्यासातून दुसरे सूत्र आले. २००९ मध्ये त्याहून सुधारित सूत्र निघाले आणि २०२१ मध्ये त्यात पुन्हा दुरुस्ती झाली. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांसाठी आधीच्या सूत्रांत एक वेगळा गुणक होता. या लोकांचे स्नायू सरासरीने अधिक असतात या समजुतीचा त्याला आधार दिला जाई. वर्णावरून स्नायूंचे माप काढणे योग्य नव्हे, असे ठरून तो गुणक २०२१ मध्ये वगळण्यात आला.

नव्या सूत्रांत वजन विचारले जात नाही. वय, लिंग आणि क्रिएटिनिन एवढ्यावर उत्तर मिळते. वय वाढले की स्नायू घटतात आणि स्त्रियांचे स्नायू पुरुषांपेक्षा कमी असतात, हे सूत्राने गृहीत धरलेले असते. परंतु हे गृहीतक सरासरी माणसाचे असते आणि ही सरासरी मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील लोकांवरून काढलेली आहे. मेळघाटातील डोंगरात राबणारा शेतमजूर किंवा पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेली वऱ्हाडातील वृद्धा या सरासरीत चपखल बसेलच असे नाही.

एकच आकडा, दोन माणसे

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. संत्र्याच्या तोडणीवर जाणारा तीस वर्षांचा धट्टाकट्टा तरुण आणि त्याच गावातील सत्तर वर्षांची कृश आजी, दोघांच्याही अहवालात क्रिएटिनिन १.० आहे. दोघांचेही आकडे ‘नेहमीच्या मर्यादेत’ म्हणून छापले जातील. २०२१ च्या सूत्राने तरुणाचा गाळणदर सुमारे १०४ येतो, तर आजीचा सुमारे ६१. म्हणजे सूत्राने काही अंतर दाखविले. परंतु तेवढ्याने भागत नाही.

या आजीचे वजन ३८ किलो व उंची १४८ सेंटिमीटर आहे असे मानू. अहवालातील ६१ हा आकडा १.७३ चौरस मीटर पृष्ठभाग असलेल्या शरीरासाठी असतो. हे माप १९२० च्या दशकात अमेरिकेतील तरुण स्त्री-पुरुषांच्या सरासरीवरून ठरले व आजतागायत चालू आहे. आमच्या आजीच्या शरीराचा पृष्ठभाग जेमतेम १.२५ चौरस मीटर भरतो. त्या हिशेबाने तिच्या मूत्रपिंडांतून मिनिटाला सुमारे ४४ मिलिलिटर द्रवच गाळला जात असावा. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने पाहिले तर उत्तर ३१ येते. एकाच रक्ताच्या नमुन्यावरून ६१, ४४ आणि ३१ असे तीन आकडे निघाले. यांपैकी खरा कोणता, हे केवळ क्रिएटिनिनवरून सांगता येणार नाही. मात्र तिच्या अंगावर मांस नाही हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, तो ६१ या आकड्यावर निर्धास्तपणे विसंबणार नाही.

हा फरक केवळ कागदावरचा नाही. मधुमेहासाठी दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिन या औषधाची मात्रा गाळणदर ४५ च्या खाली गेल्यास कमी करावी लागते आणि ३० च्या खाली ते बंद करावे लागते. जेंटामायसिन, अमिकॅसिन यांसारखी इंजेक्शने आणि हृदयरोगावरील डिगॉक्सिन यांची मात्राही मूत्रपिंडांच्या शक्तीवर अवलंबून असते. दिवसभराच्या मजुरीनंतर कंबर दुखते म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आधीच दुबळ्या झालेल्या मूत्रपिंडांना आणखी इजा करतात. ‘किडनी नॉर्मल आहे’ या चुकीच्या दिलाशावर ही औषधे चालू राहिली तर नुकसान शरीराचे होते.

पुण्याचे संशोधन

भारतीय शरीराच्या घडणीचा प्रश्न महाराष्ट्रातच विशेष बारकाईने अभ्यासला गेला आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. परंतु वजनातील ही तूट सर्वत्र सारखी नव्हती. आपल्या बालकांच्या अंगात स्नायू पुष्कळच कमी होते. मेद मात्र त्या मानाने टिकून होता.

याच विषयावर डॉ. याज्ञिक व इंग्लंडमधील डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंची व वजन यांच्या गुणोत्तरावरून काढलेला देहनिर्देशांक दोघांचाही २२.३ होता. परंतु डॉ. युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होता. वजनकाट्याने दोघांना सारखे ठरविले. शरीराची घडण मात्र भिन्न होती.

हे संशोधन मधुमेहाच्या संदर्भात झाले असले तरी मूत्रपिंडाच्या मापाशी त्याचा निकटचा संबंध आहे. मेदातून क्रिएटिनिन तयार होत नाही. स्नायू कमी असतील तर क्रिएटिनिनची आवकच कमी राहते आणि सूत्र मूत्रपिंडांना वाजवीपेक्षा अधिक गुण देऊन मोकळे होते. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील तज्ज्ञांनी भारतीय व्यक्तींचा गाळणदर इन्युलिनच्या पद्धतीने प्रत्यक्ष मोजून त्याची सूत्रांशी तुलना केली. प्रचलित सूत्रे भारतीयांचा गाळणदर वाढवून सांगतात, हा त्यांचा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आहाराचाही यात वाटा आहे. शिजविलेल्या मांसातून क्रिएटिनिन पोटात जाते. शाकाहारी व्यक्तीला ते मिळत नाही.

व्यायामपटूची व्यथा

नाण्याला दुसरी बाजूही आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली झाली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. शरीर कमावण्याची अशी परंपरा असलेल्या या भागात पंचवीस वर्षांच्या, ९० किलो वजनाच्या एखाद्या पहिलवानाचे क्रिएटिनिन १.४ आले तर त्यात नवल नाही. अहवालात त्या आकड्यापुढे ‘वाढलेले’ अशी खूण होईल आणि सूत्राने गाळणदर सुमारे ७२ येईल. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने मात्र तो १०३ च्या जवळ भरतो. अशा तरुणाच्या मूत्रपिंडांत काहीही बिघाड नसण्याची शक्यता पुष्कळ असते. त्याचे झरेच मोठे असतात. व्यायामशाळेत जाणारे कित्येक तरुण आजकाल क्रिएटिनची पूड घेतात. तिच्यामुळेही क्रिएटिनिनचा आकडा वाढलेला दिसू शकतो. तपासणीपूर्वी ही गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी.

स्थूल व्यक्तीच्या बाबतीत घोटाळा निराळा होतो. वजन धरणाऱ्या जुन्या सूत्रात मेदाचे किलोही स्नायूंचे म्हणून मोजले जातात व गाळणदर फुगतो. म्हणजे वजन अजिबात न विचारणारे सूत्र कृश व्यक्तीला फसविते, तर केवळ वजन विचारणारे सूत्र स्थूल व्यक्तीला. वजनाखालचे स्नायू किती, हा खरा प्रश्न दोन्हीकडे अनुत्तरितच राहतो.

सुधारणेचा आभास

सर्वांत अधिक सावधगिरी हवी ती घटत्या आकड्याबाबत. दीर्घ आजारात स्नायू झिजतात. क्षयरोग, कर्करोग, यकृताचे विकार, पक्षाघात, अवयवच्छेदन किंवा अनेक दिवसांचा रुग्णालयातील मुक्काम यांत ही झीज वेगाने होते. खुद्द मूत्रपिंडाच्या जुनाट रोगातही भूक मंदावून अंग वाळत जाते. अशा वेळी १.६ असलेले क्रिएटिनिन १.३ वर आले तर घरच्या मंडळींना समाधान वाटते. वास्तविक मूत्रपिंडे सुधारली नसून स्नायू घटले, असेही असू शकते. विहिरीची पातळी मोटारीमुळे उतरली की झरे आटल्यामुळे, हे पाहिल्यावाचून आनंद मानणे धोक्याचे ठरते. म्हणून रुग्णाच्या प्रत्येक अहवालाबरोबर त्या दिवशीचे वजन लिहून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते. यासाठी एक पैचाही खर्च नाही.

पर्याय कोणते

क्रिएटिनिनच्या या मर्यादेवर उपाय आहेत. पहिला उपाय ‘सिस्टॅटिन-सी’ या प्रथिनाची तपासणी हा होय. हे प्रथिन केवळ स्नायूंत नव्हे तर शरीरातील सर्वच केंद्रकयुक्त पेशींत तयार होते. त्यामुळे स्नायूंच्या कमी-अधिकपणाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. मूत्रपिंडविकारांबाबतच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांत, क्रिएटिनिनवरचा अंदाज भरवशाचा नसेल तेथे दोन्ही पदार्थ मिळून काढलेला गाळणदर वापरण्याची शिफारस आहे. तथापि ही तपासणी महाग आहे व ती सर्वत्र होत नाही. शिवाय स्थूलपणा, धूम्रपान, थायरॉइडचे विकार आणि स्टिरॉइड औषधे यांचा तिच्यावरही परिणाम होतो.

दुसरा उपाय जुना व स्वस्त आहे. चोवीस तासांचे मूत्र गोळा करून त्यातील व रक्तातील क्रिएटिनिन मोजले तर झऱ्यांचा अंदाज बांधावा लागत नाही; स्नायूंतून आलेले क्रिएटिनिन प्रत्यक्षच मोजले जाते. मात्र एक वेळचेही मूत्र सांडता वा विसरता कामा नये. या पद्धतीत उत्तर किंचित जास्त येते, कारण थोडे क्रिएटिनिन गाळण्यांखेरीज अन्य मार्गानेही मूत्रात उतरते.

तिसरा उपाय म्हणजे मूत्रातील अल्ब्युमिन तपासणे. गाळण्यांना इजा झाल्याची खूण अनेकदा क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी येथे दिसते. मूत्रातील एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्ब्युमिन असल्यास ते दोषास्पद मानतात. कृश व्यक्तीच्या मूत्रात क्रिएटिनिन कमी असल्याने हे गुणोत्तर थोडे वाढून दिसू शकते, हेही लक्षात ठेवावे. कोणतीही एकच तपासणी अंतिम नाही. किंबहुना तीन महिन्यांहून अधिक काळ दोष टिकून राहिला तरच जुनाट मूत्रपिंडविकाराचे निदान केले जाते.

नागरिकांनी काय करावे

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा अनेक वर्षे चालत आली आहे. अशा भागात तपासणी शिबिरे भरतात तेव्हा किती लोकांना रोग आहे, याचे उत्तर वापरलेल्या मोजपट्टीवर अवलंबून राहते. केवळ क्रिएटिनिनवर विसंबले तर कृश मजूर, वृद्ध स्त्रिया आणि कुपोषित व्यक्ती यांचा रोग मोजणीतून निसटतो. ज्यांना मदतीची गरज सर्वाधिक, तेच अशा रीतीने यादीबाहेर राहतात. ही गोष्ट केवळ वैद्यकाची नाही, तर सामाजिक न्यायाचीही आहे.

शासकीय आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील नागरिकांची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी केली जाते. मूत्रपिंडे निकामी होण्याची ही दोन प्रमुख कारणे असल्याने या तपासणीचा लाभ प्रत्येकाने घ्यावा. मूत्रपिंडे निकामी झालेल्या गरीब रुग्णांसाठी २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला आहे. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालीही मूत्रपिंडविकारांवरील उपचारांस साहाय्य मिळते. परंतु डायलिसिसच्या खाटेपर्यंत पोहोचण्याची वेळच येऊ नये, हे खरे उद्दिष्ट होय.

त्यासाठी साध्या गोष्टी पुरेशा आहेत. क्रिएटिनिनचा अहवाल डॉक्टरांना दाखविताना आपले वजन, वर्षभरात घटलेले किंवा वाढलेले किलो, आहार आणि चालू असलेली सर्व औषधे सांगावीत. अंग फार कृश असेल, हातापायांतील बळ गेले असेल किंवा शरीर विशेष कमावलेले असेल, तर ‘माझ्या शरीराच्या मानाने हा आकडा बरोबर आहे का?’ असे निःसंकोचपणे विचारावे. वेदनाशामक गोळ्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. त्याचप्रमाणे हा लेख वाचून चालू औषध मनाने बंदही करू नये. तो निर्णय डॉक्टरांचाच.

आशासेविका, परिचारिका आणि प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ यांच्या हातीही पुष्कळ आहे. अहवालाच्या कागदावर वयाशेजारी वजन व उंची नोंदविण्याची पद्धत पडली तर वाचणाऱ्या डॉक्टरांपुढे निव्वळ आकड्याऐवजी माणूस उभा राहील. यंत्राने दिलेला आकडा खोटा नसतो. तो कोणत्या शरीरातून आला आहे, हे मात्र यंत्र सांगत नाही. ते पाहण्यासाठी माणसाचीच नजर लागते, आणि ती नजर आपल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात उपलब्ध आहे.